मुक्त स्रोत डेस्कटॉप पर्यावरणांची तुलना

डेस्कटॉप पर्यावरण म्हणजे संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, चिन्हे, पट्ट्या, मेनू आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या दैनंदिन वापराच्या आज्ञावल्या यांचा एकसंध संच होय. विंडोज किंवा मॅकओएस या प्रणालींत हा संच मूळ प्रणालीशी जोडलेला असतो आणि वापरकर्त्याला त्यात निवड नसते. लिनक्स, फ्रीबीएसडी यांसारख्या मुक्त स्रोत प्रणालींत मात्र तो स्वतंत्र घटक असतो. त्यामुळे एकाच संगणकावर एकाहून अधिक डेस्कटॉप पर्यावरणे ठेवता येतात आणि प्रवेशाच्या वेळी हवे ते निवडता येते. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, माटे आणि सिनॅमन ही त्यांतील प्रमुख होत. दिसण्यातील फरकाखेरीज संगणकावरील भार, सोबतच्या आज्ञावल्या, अनुवादाची स्थिती, दृष्टिबाधितांसाठीच्या सोयी आणि घडणीमागील विचार या बाबतींतही त्यांच्यात भेद आहेत.

रचना

डेस्कटॉप पर्यावरण हे अनेक थरांचे बनलेले असते. सर्वांत खाली पडद्यावर चित्र उमटवणारी आणि कळफलक व माउस यांचे संदेश पोहोचवणारी यंत्रणा असते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीने हे काम अनेक दशके केले. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि तीच पुढे रूढ झाली. २००८ मध्ये क्रिस्टियान ह्यॉग्सबर्ग यांनी वेलँड या नव्या यंत्रणेस आरंभ केला. एक्स प्रणालीत कोणतीही आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीच्या खिडकीतील मजकूर किंवा कळफलकावरील टंकन टिपू शकते; वेलँडमध्ये ही मोकळीक काढून घेण्यात आली आहे.

त्यावरचा थर विंडो व्यवस्थापकाचा. खिडकीची चौकट, तिचा आकार, तिचे सरकणे व मिटणे हे सर्व तो पाहतो. त्यानंतर पट्टी, मेनू, सूचना व मांडणीची साधने येतात. सर्वांत वर फाइल व्यवस्थापक, मजकूर संपादक, चित्रदर्शक, टर्मिनल अशा आज्ञावल्या असतात. या सगळ्यांची बटणे, याद्या आणि चौकटी ज्या सामायिक साहित्यातून घडवल्या जातात त्यास साधनसंच म्हणतात. मुक्त स्रोत जगात जीटीके आणि क्यूटी हे दोन साधनसंच प्रमुख आहेत. ग्नोम, एक्सएफसीई, माटे व सिनॅमन हे जीटीकेवर, तर केडीई व एलएक्सक्यूटी हे क्यूटीवर उभे आहेत. हा भेद समजला की पुढील बहुतेक फरकांची संगती लागते.

इतिहास

१९९० च्या दशकाच्या मध्यास लिनक्सवर विंडो व्यवस्थापक पुष्कळ होते, परंतु एकसारख्या दिसणाऱ्या व एकमेकांशी जुळणाऱ्या आज्ञावल्यांचा संच नव्हता. व्यावसायिक युनिक्स प्रणालींसाठी कॉमन डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट हे पर्यावरण उपलब्ध होते, पण ते मुक्त नव्हते. त्याचा स्रोत २०१२ मध्ये खुला झाला. जर्मनीतील ट्युबिंगन विद्यापीठात शिकणारे माथियास एट्रिश यांनी १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केडीई प्रकल्पाची घोषणा केली. सामान्य वापरकर्त्याला सुसंगत वाटेल असे पर्यावरण घडवणे हा त्यांचा हेतू होता. केडीईची पहिली आवृत्ती जुलै १९९८ मध्ये प्रकाशित झाली.

केडीईने निवडलेला क्यूटी हा साधनसंच नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीचा होता. त्याचा स्रोत पाहता येत असे, परंतु त्यात बदल करून तो वाटण्याची मुभा नव्हती. मुक्त प्रणालीचा दर्शनी भागच अशा परवान्यावर अवलंबून राहावा काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. डेबियन या वितरणाने १९९८ मध्ये याच कारणास्तव केडीई आपल्या संग्रहातून वगळले. क्यूटीला मुक्त पर्याय म्हणून हार्मनी नावाचा प्रकल्प सुरू झाला. दुसरा मार्ग मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी घेतला. त्यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोम प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी जीटीके हा साधनसंच निवडला. जीटीके मूळचा गिम्प या चित्रसंपादकासाठी लिहिला गेला होता आणि त्याचा परवाना प्रारंभापासून मुक्त होता. ग्नोमची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये आली.

वादाचा परिणाम दोन्ही बाजूंना हितकर ठरला. ट्रोलटेक व केडीई यांनी १९९८ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापले. कंपनीने क्यूटीची मुक्त आवृत्ती देणे थांबवल्यास तिचा स्रोत अत्यंत उदार परवान्याखाली खुला करण्याचा अधिकार त्यास मिळाला. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली उपलब्ध झाले आणि मूळ आक्षेप निकाली निघाला. तोवर मात्र दोन स्वतंत्र परंपरा रुजल्या होत्या आणि त्या आजतागायत समांतर चालू आहेत.

एक्सएफसीई हे दोघांच्याच काळातले आहे. ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६ मध्ये एक साधी पट्टी म्हणून त्याचा आरंभ केला. आरंभी ते एक्सफॉर्म्स या मुक्त नसलेल्या साधनसंचावर होते. पुढे जीटीकेवर पुन्हा लिहिले गेल्यावर त्याचा प्रसार वाढला. एलएक्सडीई हे हलके पर्यावरण तैवानमधील हाँग जेन यी यांनी २००६ मध्ये सुरू केले. त्याची क्यूटीवरील शाखा आणि रेझर-क्यूटी हा दुसरा प्रकल्प यांच्या विलीनीकरणातून एलएक्सक्यूटी घडले व २०१४ मध्ये प्रकाशित झाले.

दोन मोठी स्थित्यंतरे

मुक्त स्रोत डेस्कटॉपच्या इतिहासात दोन प्रसंगी वापरकर्ते मोठ्या प्रमाणावर अस्वस्थ झाले. जानेवारी २००८ मध्ये केडीईची चौथी आवृत्ती आली. तिचा पाया नव्याने रचला होता, पण तिसऱ्या आवृत्तीतील अनेक सोयी तीत नव्हत्या आणि ती वारंवार बंद पडत असे. काहींनी जुनी तिसरी आवृत्ती ट्रिनिटी या नावाने पुढे चालू ठेवली.

६ एप्रिल २०११ रोजी ग्नोमची तिसरी आवृत्ती प्रकाशित झाली. तिने खालची खिडक्यांची पट्टी, मेनू आणि खिडकी लहान करण्याचे बटण वगळून ॲक्टिव्हिटीज नावाचा संपूर्ण पडद्याचा आढावा आणला. लिनक्स कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही या बदलावर उघड टीका केली व काही काळ ते एक्सएफसीई वापरू लागले. पुढे ते ग्नोमकडे परतले. याच असंतोषातून दोन नवी पर्यावरणे जन्मली. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीचा स्रोत घेऊन माटे सुरू केले. दक्षिण अमेरिकेतील येर्बा माटे या पेयावरून त्याचे नाव पडले. लिनक्स मिंट या वितरणाने क्लेमाँ लफेब्र यांच्या नेतृत्वाखाली ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीचा पाया राखून वरचा भाग पारंपरिक घाटाचा केला. ते सिनॅमन होय. उबुंटूने त्याच सुमारास युनिटी हे स्वतःचे पर्यावरण मुख्य केले होते. एप्रिल २०१७ मध्ये ते सोडून देण्याचा निर्णय जाहीर झाला आणि १७.१० या आवृत्तीपासून उबुंटू पुन्हा ग्नोमकडे वळले.

मुक्त परवान्याचा प्रत्यक्ष अर्थ या घटनांत दिसतो. मालकी हक्काच्या प्रणालीत निर्मात्याने पडद्याची मांडणी बदलली तर वापरकर्त्यास ती स्वीकारावी लागते किंवा जुनी, सुरक्षिततेच्या दृष्टीने सोडून दिलेली आवृत्ती वापरावी लागते. येथे जुनी मांडणी हवी असणाऱ्यांनी ती स्वतः जोपासली आणि तिचे सुधारित रूप आजही उपलब्ध आहे.

प्रमुख पर्यावरणे

ग्नोम

ग्नोमचा भर कमी पर्याय व कमी व्यत्यय यांवर आहे. विंडोज चिन्हाची कळ दाबली की उघड्या खिडक्या, शोधाची चौकट आणि कार्यक्षेत्रे एकाच पडद्यावर दिसतात. पडद्याच्या पार्श्वभूमीवर फाइली ठेवण्याची सोय मूळ फाइल व्यवस्थापकातून २०१८ च्या ३.२८ या आवृत्तीत काढण्यात आली. ज्यांना ती अथवा कायमची पट्टी हवी असेल त्यांनी विस्तारक जोडावे, अशी योजना आहे. विस्तारक पुष्कळ आहेत. मात्र ग्नोमची नवी आवृत्ती दर वर्षी मार्च व सप्टेंबरमध्ये येते आणि प्रत्येक आवृत्तीगणिक काही विस्तारक निकामी होतात, ही नेहमीची तक्रार आहे. मार्च २०२१ पासून आवृत्त्यांचे क्रमांक ४०, ४१ असे दिले जातात. फेडोरा वर्कस्टेशन, डेबियन आणि उबुंटू यांत ग्नोम मूळ निवड म्हणून येते. उबुंटू त्यात डावीकडील पट्टी स्वतः जोडते.

केडीई प्लाझ्मा

केडीई हे आता समुदायाचे नाव असून त्याच्या पर्यावरणास प्लाझ्मा म्हणतात. त्याचा भर वापरकर्त्याच्या निवडीवर आहे. पट्टी कोणत्याही कडेला नेता येते, तिच्यातील प्रत्येक घटक हलवता येतो, खिडकीच्या शीर्षकपट्टीवरील बटणांचा क्रम ठरवता येतो आणि एखाद्या विशिष्ट आज्ञावलीची खिडकी नेहमी कोठे उघडावी हेही सांगता येते. मूळ मांडणी विंडोजशी जवळची असल्याने तेथून येणाऱ्यास ती परकी वाटत नाही. पर्यायांची विपुलता हाच काहींच्या दृष्टीने दोषही आहे. इच्छित मांडणी नेमकी कोणत्या पानावर आहे हे शोधावे लागते. प्लाझ्मा ५ जुलै २०१४ मध्ये आणि प्लाझ्मा ६ फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रकाशित झाले. केडीई कनेक्ट या आज्ञावलीद्वारे अँड्रॉइड भ्रमणध्वनी व संगणक यांत फाइली, सूचना आणि नकललेला मजकूर यांची देवाणघेवाण होते. स्टीम डेक या खेळयंत्राच्या डेस्कटॉप रूपात प्लाझ्मा वापरले आहे.

एक्सएफसीई

एक्सएफसीईचे वैशिष्ट्य स्थैर्य हे होय. त्याच्या आवृत्त्या अंतराने येतात, ४.१२ ही आवृत्ती २०१५ मध्ये आणि त्यापुढील ४.१४ ही २०१९ मध्ये आली. त्यामुळे एकदा शिकलेली मांडणी वर्षानुवर्षे तशीच राहते. पट्टी, मेनू आणि चिन्हे ही सर्व पारंपरिक घाटाची आहेत. झुबुंटू हे वितरण यावर आधारलेले आहे. डिसेंबर २०२४ मधील ४.२० या आवृत्तीत वेलँडचा प्रायोगिक आधार आला.

एलएक्सक्यूटी

कमीत कमी मेमरी व प्रोसेसर वापरून चालणे हे एलएक्सक्यूटीचे उद्दिष्ट आहे. त्याचे भाग एकमेकांपासून सुटे आहेत. विंडो व्यवस्थापकही बाहेरचा, बहुधा ओपनबॉक्स, घेतला जातो. लुबुंटूने १८.१० या आवृत्तीत एलएक्सडीई सोडून एलएक्सक्यूटी स्वीकारले. दिसण्यात ते साधे आहे आणि मांडणीची काही कामे निरनिराळ्या लहान खिडक्यांतून करावी लागतात.

माटे

माटे हे ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीचे चालू रूप आहे. वर मेनूची व खाली खिडक्यांची अशी दोन पट्ट्यांची रचना त्याची ओळख आहे. मूळ ग्नोमशी नावांचा संघर्ष टाळण्यासाठी त्यातील आज्ञावल्यांना स्पॅनिश नावे दिली गेली: काहा म्हणजे पेटी, प्लुमा म्हणजे लेखणी, अट्रिल म्हणजे ग्रंथ ठेवण्याची तिवई, मार्को म्हणजे चौकट.

सिनॅमन

सिनॅमन मुख्यत्वे लिनक्स मिंटसाठी घडवले जाते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू आणि उजवीकडे घड्याळ अशी त्याची मांडणी आहे. २०१३ मधील २.० या आवृत्तीपासून ते ग्नोमचा केवळ दर्शनी भाग न राहता स्वतंत्र पर्यावरण झाले. विंडोज सोडून प्रथमच लिनक्सकडे येणाऱ्यांना ते बहुधा सुचवले जाते.

सोबतच्या आज्ञावल्या

प्रत्येक पर्यावरणाबरोबर त्याच्या साधनसंचात लिहिलेल्या आज्ञावल्या येतात. नित्य कामांच्या प्रमुख आज्ञावल्या पुढीलप्रमाणे आहेत.

| काम | ग्नोम | केडीई | एक्सएफसीई | एलएक्सक्यूटी | माटे | सिनॅमन |
|---|---|---|---|---|---|---|
| विंडो व्यवस्थापक | मटर | केविन | एक्सएफडब्ल्यूएम | ओपनबॉक्स व इतर | मार्को | मफिन |
| फाइल व्यवस्थापक | फाइल्स ऊर्फ नॉटिलस | डॉल्फिन | थुनार | पीसीमॅनएफएम-क्यूटी | काहा | नेमो |
| मजकूर संपादक | टेक्स्ट एडिटर | केट, केराइट | माउसपॅड | फेदरपॅड | प्लुमा | एक्सएड |
| चित्रदर्शक | लूप | ग्वेनव्ह्यू | रिस्त्रेत्तो | एलएक्सइमेज-क्यूटी | आय ऑफ माटे | एक्सव्ह्यूअर |
| पीडीएफ वाचक | एव्हिन्स, पेपर्स | ऑक्युलर | बाहेरचा | बाहेरचा | अट्रिल | एक्सरीडर |

यांतील बऱ्याच आज्ञावल्यांचे कूळ एकच आहे. काहा आणि नेमो या दोन्ही नॉटिलसच्या निरनिराळ्या काळच्या शाखा होत. प्लुमा ही ग्नोमच्या जुन्या जीएडिट संपादकाची, तर एक्सएड ही प्लुमाची शाखा आहे. एव्हिन्सपासून अट्रिल आणि अट्रिलपासून एक्सरीडर निघाला. लिनक्स मिंटने २०१६ पासून एक्स-ॲप्स या नावाने असा संच जोपासला, तो कोणत्याही एका पर्यावरणाला बांधील नसावा या हेतूने.

फाइल व्यवस्थापकांत भेद सर्वांत स्पष्ट दिसतो. डॉल्फिनमध्ये एफ३ कळीने खिडकी दुभंगून दोन फोल्डर शेजारी शेजारी पाहता येतात आणि एफ४ कळीने त्याच जागी टर्मिनल उघडते. नेमोतही एफ३ ने दुसरा भाग उघडतो. नॉटिलसमधील ही सोय २०१२ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यात शोध वेगवान आणि मांडणी सुटसुटीत आहे. थुनार त्वरित उघडतो आणि एकाच वेळी अनेक फाइलींची नावे बदलण्याचे त्याचे साधन छायाचित्रांच्या संग्रहासाठी विशेष उपयोगी पडते.

वाचनाच्या बाबतीत ऑक्युलर पीडीएफसह ईपब व डेजाव्हू या प्रकारच्या फाइली उघडतो आणि पानांवर टिपणे करू देतो. जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रतिमांकित प्रती अनेकदा डेजाव्हू प्रकारात असतात, त्यांच्या वाचकांना हे सोयीचे आहे. २०२२ मध्ये ऑक्युलरला जर्मनीचे ब्लू एंजल हे पर्यावरणस्नेही उत्पादनाचे चिन्ह मिळाले. असे चिन्ह मिळवणारी ती पहिली संगणक आज्ञावली ठरली. विद्यार्थ्यांसाठी केडीईचा शैक्षणिक संग्रह मोठा आहे: आकाशदर्शनासाठी केस्टार्स, मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीसाठी कॅल्झियम, पृथ्वीगोलासाठी मार्बल आणि लहान मुलांसाठी जीकॉम्प्री. कृता हे चित्रकलेचे आणि केडीएनलाइव्ह हे चित्रफीत संपादनाचे साधनही याच समुदायातून आले.

केडीईच्या कॉन्करर या न्याहाळकासाठी लिहिलेले केएचटीएमएल हे इंजिन ॲपलने आपल्या सफारीसाठी घेतले व त्यातून वेबकिट घडले. गूगलच्या क्रोमचा ब्लिंक हा गाभा त्याच वेबकिटची शाखा आहे. अशा रीतीने आज जगात वापरल्या जाणाऱ्या बहुतांश न्याहाळकांचे मूळ एका मुक्त डेस्कटॉप प्रकल्पापर्यंत पोहोचते.

लिबरऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड, गिम्प, इंकस्केप, व्हीएलसी या आज्ञावल्या कोणत्याही पर्यावरणात चालतात. केडीईची आज्ञावली ग्नोममध्ये आणि ग्नोमची केडीईमध्येही चालते. फरक एवढाच की अशा वेळी दुसऱ्या साधनसंचाची अनेक पॅकेजे सोबत बसवावी लागतात, अधिक जागा व मेमरी खर्च होते आणि बटणांचे रूप वेगळे दिसते. मेनूतील नोंदी, चिन्हे, कचरापेटी आणि ओढून टाकण्याची क्रिया यांसाठी हॅव्हॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप या उपक्रमाने सामायिक संकेत ठरवले, म्हणून हे परस्पर चलन शक्य झाले.

संगणकाची क्षमता

पर्यावरणाची निवड बहुधा उपलब्ध यंत्रावरून ठरते. एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई सर्वांत कमी मेमरी घेतात, माटे त्यांच्या जवळ आहे, सिनॅमन, प्लाझ्मा व ग्नोम अधिक घेतात. प्लाझ्मा जड असल्याचा जुना समज चौथ्या आवृत्तीच्या काळातील आहे. त्यानंतर त्याचा भार बराच उतरला. ग्नोम व सिनॅमन यांत पडद्यावरील प्रत्येक हालचाल चित्रप्रक्रियकाच्या साहाय्याने होते, त्यामुळे जुन्या किंवा दुबळ्या चित्रप्रक्रियकावर ती अडखळते. लिनक्स मिंट किमान २ जीबी मेमरी मागते व ४ जीबी सुचवते, उबुंटूने १८.०४ पासून ग्नोमसाठी ४ जीबीची शिफारस केली.

पर्यावरण हलके असले तरी न्याहाळकाची भूक कमी होत नाही. एका वेळी अनेक संकेतस्थळे उघडणाऱ्याच्या संगणकात बहुतांश मेमरी न्याहाळकच घेतो. म्हणून २ जीबीच्या यंत्रावर हलक्या पर्यावरणाने लेखन, वाचन व हिशेब सुसह्य होतात, परंतु आंतरजालाचा वापर मर्यादितच राहतो. यांत्रिक हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास होणारा लाभ पर्यावरण बदलण्याच्या लाभाहून बहुधा मोठा असतो. फार जुन्या ३२ बिटी यंत्रांसाठी वाव आटत चालला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय उरलेली नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण सुस्थितीत असलेले संगणक त्यामुळे सुरक्षिततेच्या सुधारणांवाचून राहिले. शाळा, ग्रंथालये व घरे यांतील अशा यंत्रांसाठी मुक्त डेस्कटॉप हा ती भंगारात न घालण्याचा एक मार्ग आहे. मात्र विशिष्ट मुद्रक, स्कॅनर किंवा केवळ विंडोजवर चालणारी हिशेबाची अथवा कार्यालयीन आज्ञावली यांवर काम अवलंबून असेल तर कोणतेही पर्यावरण ती उणीव भरून काढू शकत नाही. पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून, काहीही न बसवता, ही तपासणी आधी करता येते.

मराठीचा आधार

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने तीन बाबी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: अक्षरे नीट दिसणे, मराठी टंकलेखन आणि पडद्यावरील सूचनांचा अनुवाद.

अक्षरांच्या मांडणीसाठी जीटीके व क्यूटी दोन्ही हार्फबझ हे इंजिन वापरतात, त्यामुळे जोडाक्षरे, वेलांट्या व रफार सर्व पर्यावरणांत सारखेच उमटतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील अर्धा ऱ योग्य टंक असल्यास बरोबर दिसतो. ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे हिंदी वळणाहून वेगळी आहेत. काही युनिकोड टंकांत ही दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळल्यावर मराठी रूप निवडले जाते. म्हणून प्रणालीची भाषा मराठी ठेवणे किंवा लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी नोंदवणे याला दृश्य महत्त्व आहे. रेड हॅट कंपनीने मुक्त केलेला लोहित देवनागरी हा टंक बहुतेक वितरणांत सहज मिळतो.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक सर्व पर्यावरणांत उपलब्ध आहे. उच्चारानुसारी पद्धती आयबस किंवा एफसीआयटीएक्स या निवेशयंत्रणांतून मिळतात. ग्नोममध्ये आयबस अंतर्भूत असल्याने मांडणीच्या पानावरून मराठी जोडणे पुरेसे होते. प्लाझ्मात यंत्रणा स्वतंत्रपणे बसवून वेलँडवर ती आभासी कळफलकाच्या पानावरून निवडावी लागते. एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी व माटे यांतही ती वेगळी बसवावी लागते. लिनक्स मिंटमध्ये त्यासाठी निवेशपद्धतींचे एक पान दिलेले आहे.

अनुवाद हे स्वयंसेवकांचे काम आहे. ग्नोम व केडीई यांच्या अनुवादाच्या भाषांत मराठीचा समावेश आहे. पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयातील भाषा विभागाने एके काळी मराठी अनुवादाला मोठा हातभार लावला. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात. अनुवाद मागे पडला तर ती इंग्रजीत दिसतात आणि पडद्यावर दोन भाषांची सरमिसळ होते. म्हणून ज्या पर्यावरणात वाक्ये वारंवार बदलत नाहीत तेथे एकदा केलेला अनुवाद अधिक काळ पुरतो. शब्दांच्या निवडीचा प्रश्नही आहे. एकाच इंग्रजी शब्दासाठी एका आज्ञावलीत संचिका, दुसरीत धारिका आणि तिसरीत फाइल आढळल्यास वापरकर्ता गोंधळतो. असे वारंवार येणारे शब्द भारतीय भाषांत एकसारखे असावेत यासाठी २००८ मध्ये फ्यूएल हा उपक्रम सुरू झाला. त्यात मराठीचाही समावेश आहे. संगणकाची भाषा मराठी ठेवून त्रुटी कळवणाऱ्यांची संख्या थोडी असल्याने चुकीचे शब्द दीर्घकाळ तसेच राहतात.

दिव्यांगांसाठी सोयी

पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी ओर्का ही आज्ञावली ग्नोमच्या परंपरेतील आहे. ग्नोम व माटे यांत तिचा आधार जुना व परिपक्व आहे. पडदा मोठा करून दाखवणे, ठळक रंगसंगती, कळी चिकटवून ठेवणे या सोयी ग्नोम, प्लाझ्मा व सिनॅमन यांत मांडणीच्या एकाच पानावर मिळतात. एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी यांत त्यांतील काही सोयींसाठी बाहेरच्या आज्ञावल्या जोडाव्या लागतात. दृष्टिबाधित व्यक्तीसाठी पर्यावरण निवडताना हलकेपणापेक्षा हा निकष आधी येतो.

वेलँडकडे स्थलांतर

ग्नोम व प्लाझ्मा यांनी वेलँडला मुख्य स्थान दिले आहे. फेडोराने २०१६ मधील २५ व्या आवृत्तीत ग्नोमसाठी वेलँड मूळ निवड केले. प्लाझ्मात तो बदल सहाव्या आवृत्तीत झाला. सप्टेंबर २०२५ मधील ग्नोम ४९ मध्ये जुने एक्स सत्र मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आले. सिनॅमन, एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी यांत वेलँडचा आधार टप्प्याटप्प्याने येत असून माटे मुख्यत्वे जुन्या यंत्रणेवर चालते. दोन पडद्यांना भिन्न प्रमाणात मोठे करून पाहावयाचे असल्यास वेलँड सरस ठरते. पडदा दूरस्थपणे चालवणारी किंवा खिडक्यांवर स्वयंचलित क्रिया करणारी जुनी साधने मात्र त्यावर चालतीलच असे नाही.

सार्वजनिक संस्थांतील वापर

स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा प्रांताने २००२ पासून शाळांसाठी ग्नोमवर आधारित लिनएक्स हे वितरण वापरले. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने लिमक्स प्रकल्पात केडीई वापरले. तेथे २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय झाला. केरळमध्ये शालेय शिक्षणासाठी उबुंटूवर आधारित मुक्त प्रणाली सर्वदूर वापरली जाते. भारतात सी-डॅक या संस्थेने बॉस हे भारतीय भाषांना आधार देणारे वितरण तयार केले. या उदाहरणांवरून दिसते की केवळ पर्यावरण निवडल्याने असे प्रकल्प टिकत नाहीत. शिक्षकांचे व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, दुरुस्तीची सोय आणि प्रशासनाचे सातत्य यांवर त्यांचे यश अवलंबून असते.

निवडीचे निकष

जुन्या व अल्प मेमरीच्या संगणकासाठी एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. विंडोजच्या सवयीच्या वापरकर्त्यासाठी सिनॅमन किंवा प्लाझ्मा. पडद्याची प्रत्येक बाब स्वतः ठरवू इच्छिणाऱ्यासाठी प्लाझ्मा. कमीत कमी मांडणी करून काम सुरू करू इच्छिणाऱ्यासाठी आणि उच्चारानुसारी मराठी टंकलेखन त्वरित हवे असणाऱ्यासाठी ग्नोम. वर्षानुवर्षे न बदलणारी मांडणी हवी असणाऱ्या संस्थेसाठी एक्सएफसीई किंवा माटे. असा सर्वसाधारण संकेत आहे. एकाच वापरकर्त्याच्या खात्यात अनेक पर्यावरणे बसवल्यास एकाच कामाच्या अनेक आज्ञावल्या मेनूत येतात आणि रंगसंगती व चिन्हांच्या मांडण्या एकमेकींत मिसळतात; तुलना करण्यासाठी प्रत्येक पर्यावरणास स्वतंत्र खाते ठेवणे सोयीचे ठरते. निवड चुकली तरी पत्रे, छायाचित्रे व ग्रंथ घरच्या फोल्डरमध्ये जसेच्या तसे राहतात. बदलतो तो केवळ त्यांच्याकडे नेणारा पडदा.